उपाशी वाफ्याची शिफारस

नवऱ्याची शिफारस बायकोने करायची, आणि तीसुद्धा थेट विद्यापीठाकडे, हे ऐकून माझ्या नाती हसतात. हसू देत. मी ती केली, तीन पानं भरून केली, आणि त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. थोडं खोटं लिहिलं असतं तर सगळ्यांचीच सोय झाली असती, हा भाग वेगळा.

तेव्हा आम्ही मुळशीत राहत होतो. धरणाचं पाणी नुकतंच चढलं होतं. ताम्हिणीकडे जाणाऱ्या वाटेवर, पाण्याच्या वरच्या अंगाला, एका शेतकऱ्याच्या घराच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. मी पुण्याची, पेठेत वाढलेली, इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेली. भाताची मूद ताटात कशी पाडायची एवढंच मला येत होतं. तो भात उगवतो कसा, याची चौकशी करावी असं कधी मनातही आलं नव्हतं. आणि गाठ पडली ती भाताच्या रोपांवर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाशी. आमच्या पिढीला नवऱ्याचं नाव घ्यायची सवय नाही, तेव्हा इथेही ‘हे’ एवढंच म्हणेन.

मावळात भात पेरण्याआधी राब भाजतात. ज्या वाफ्यात रोपं करायची, त्यावर शेण, झाडांचे टहाळे, गवत, पातेरा असे थर रचायचे, वरून माती पसरायची आणि उन्हाळ्याच्या अखेरीस ते सगळं पेटवून द्यायचं. भाजलेल्या मातीत रोप जोमाने येतं. येतं हे सगळ्या मावळाला ठाऊक होतं. का येतं हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि यांना तेवढंच हवं होतं. म्हणून घरमालकांकडून जमिनीचा एक तुकडा मागून यांनी चार वाफे आखले. पहिल्यात गावच्या रीतीने राब. दुसऱ्यात नुसतं शेण, भाजायचं नाही. तिसऱ्यातली माती काढून वेगळी भाजायची आणि परत आणून टाकायची. चौथ्यात काहीच नाही. शेण नाही, पाला नाही, विस्तव नाही. बाकीच्या तिघांची तुलना ज्याच्याशी करायची, तो हा चौथा.

हा चौथा वाफा नेमका आमच्या दारासमोर आला. गावाने त्याचं नाव ठेवलं ‘उपाशी वाफा’.

ते नाव मुळात ठेवलं मालकीणबाईंनी. मालकीणबाई म्हणजे आमच्या घरमालकांची बायको. चाळिशीची, उंच, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या वाडीतला बैल मान वर करी. त्यांचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. त्याबद्दल त्या फारसं बोलत नसत, पण मी पुण्याला माहेरी निघाले की माझ्या पिशवीत काही ना काही कोंबल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पहिल्याच वर्षी त्या कमरेवर हात ठेवून वाफ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि यांना म्हणाल्या, “सायेब, तिगं पोटभर जेवत्यात आन चवथ्याच्या म्होरं ताटच न्हाई. ह्यो कुटला न्याय?”

यांनी त्यांना पाऊण तास समजावून सांगितलं. तुलना म्हणजे काय, प्रयोग म्हणजे काय, सगळं. मालकीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मान हलवली. लहान मूल चिमणीशी झालेलं बोलणं सांगतं तेव्हा आपण हलवतो तशी.

वही ठेवायचं काम माझ्याकडे होतं. हे दिवसभर खाचरांतून हिंडत, दुसऱ्या गावांतली माती आणत, आणि यांचं अक्षर म्हणजे कोंबड्यांनी उकरलेलं अंगण. त्यामुळे पावसाचं माप, रोपांची उंची, पानांचा रंग हे सगळं मी लिहायची. पावसात डोक्यावर इरलं घेऊन, हातात लाकडी पट्टी घेऊन मी एकेका वाफ्यापाशी उकिडवी बसे. गावच्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग सरावल्या. “बाई रोपांचं आंगडं बेतत्यात,” असं त्या म्हणत. मला त्या कामाची गोडी लागली, हे कबूल करते. पेठेत मला कुणी कधी कशाचं माप विचारलं नव्हतं.

पहिली दोन वर्षं उपाशी वाफा उपाशीच दिसला. पहिल्यातली रोपं हिरवीगार, ताठ. चौथ्यातली पिवळी, बोटभर, वारा आला की आडवी. मी प्रामाणिकपणे तसं लिहून ठेवलं. त्याच पहिल्या वर्षी आश्विनात माझं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. त्याविषयी मी फार लिहिणार नाही. पुण्याला न्यायला वेळच मिळाला नाही. मालकीणबाई तीन दिवस माझ्या उशाशी बसून होत्या, आणि चौथ्या दिवशी त्यांनी मला अंगणात आणून उन्हात बसवलं. समोर तो वाफा होता. त्यांनी माझा पाट उचलून दुसरीकडे तोंड करून मांडला. मला वाटलं, ऊन डोळ्यांवर येतं म्हणून.

तिसऱ्या वर्षी वैशाखात माझ्या भावाचं लग्न होतं. मला दिवस राहून तिसरा महिना लागला होता. मी कुणालाही सांगितलं नव्हतं. यांनासुद्धा नीटसं नव्हतं सांगितलं. पण गाडीत बसताना मालकीणबाईंनी माझ्या ओटीत नारळ घातला आणि म्हणाल्या, “सावकास जावा. घाई करू नका. मी हाय हितं.” आम्ही दोघं पंधरा दिवस पुण्यात होतो. परत आल्यावर नेहमीसारखी पेरणी झाली.

आणि आषाढात चमत्कार झाला. उपाशी वाफ्यातली रोपं राबाच्या रोपांच्या खांद्याला खांदा लावून उभी! मी पट्टी तीनदा लावून पाहिली. यांना हाक मारली तर हे चिखलातून अनवाणी धावत आले, गुडघ्यावर बसले आणि एकेक रोप निरखू लागले. मग यांनी मालकांना विचारलं, कुणी यात काही घातलं का? मालक म्हणाले, न्हाई. गड्याला विचारलं. तोही न्हाई म्हणाला. दोघंही खरंच बोलले होते.

त्या रोपांवर यांनी प्रबंधाचं सहावं प्रकरण लिहिलं. दोन वर्षं उपाशी ठेवलेली माती तिसऱ्या वर्षी स्वतःच्या पोटातली ताकद जागी करते, असा काहीसा त्याचा आशय होता. मी भाद्रपदात बाळंतपणाला पुण्याला गेले ती प्रबंध बरोबर घेऊनच. त्याची सुवाच्य प्रत मी पोट सांभाळत, भिंतीला टेकून लिहिली. बाकीची पाच प्रकरणं म्हणजे नाचणीची भाकरी होती, पौष्टिक पण घसा कोरडा करणारी. सहावं मात्र मी कौतुकाने लिहिलं. कार्तिकात मुलगी झाली, माघात पदवी मिळाली, आणि आम्ही तिघं मुळशीत परतलो. मालकीणबाईंनी मुलीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला अशी काही छातीशी धरली की मला परत मागून घ्यावी लागली.

खरी गोष्ट इथे सुरू होते. यांचे प्रोफेसरसाहेब चैत्रात मुळशीला आले. पौडपर्यंत मोटारीने, तिथून बैलगाडीने, डोक्यावर हॅट आणि हॅटवर इंचभर धूळ. संशोधनाच्या एका पारितोषिकाची जाहिरात निघाली होती. पदक तर होतंच, पण त्याबरोबर पुढचं काम करायला दोन वर्षांची सोय होती. आमच्या दृष्टीने ती दोन वर्षं म्हणजेच सर्व काही. कारण प्रबंध संपला होता आणि यांच्या मामांनी सोलापूरला एका शाळेत यांच्यासाठी जागा पक्की करून ठेवली होती. जूनपासून रुजू व्हायचं. शाळेच्या नुसत्या आठवणीने यांचं जेवण कमी झालं होतं. रात्रंदिवस मातीत हात घालणारा माणूस फळ्यावरच्या खडूत काय रमणार? पारितोषिक मिळालं तर मुळशी, नाही तर सोलापूर, असा सरळ हिशेब होता.

“नियम असा आहे,” प्रोफेसरसाहेब ताक पिता पिता म्हणाले, “की प्रबंधकर्त्याने स्वतः अर्ज करायचा नाही. त्याचं नाव दुसऱ्याने सुचवायचं. माझी सही मी देतो. पण ज्याने हे काम सगळे हंगाम डोळ्यांनी पाहिलं आहे अशा माणसाचं निवेदन सोबत हवं. ते कोण देईल?”

यांनी घरमालकांचं नाव घेतलं. प्रोफेसरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “वही कुणाच्या अक्षरात आहे?”

“अहो, बायकोने नवऱ्याची शिफारस करायची?” हे कानापर्यंत लाल झाले. “लोक हसतील.”

“लोकांनी वही ठेवलेली नाही,” प्रोफेसरसाहेब म्हणाले. “बाई, तुम्ही लिहा. मेअखेरीस मला पोचलं पाहिजे.”

मला काय झालं ते सांगता येत नाही. त्या दिवशी मी पोळ्या करपवल्या आणि कुणी काही बोललं नाही. हुरूप आला होता. मुलगी पाळण्यात झोपली की मी दौत घेऊन बसायची. पहिला मसुदा इतका गोड झाला की मलाच मळमळलं, तो फाडला. दुसरा लिहिला. त्यात सुरुवातीलाच एक वाक्य घातलं, ‘जे मी स्वतः पाहिलं तेवढंच लिहीत आहे.’ वाक्य मला फार आवडलं. त्यानंतर दोन पानं भरून मी सहाव्या प्रकरणाचं कौतुक केलं.

मालकीणबाईंनाही मी सगळं सांगितलं. प्रबंधाला बक्षीस मिळणार असेल तर आम्ही राहणार, नाही तर जाणार. त्या म्हणाल्या, “मंग चांगलं लांबलचक लिवा की. शाई कमी पडली तर हिरडं कुटून देते.”

वैशाखात धनगर घाटातून वर आले. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाआधी देशावर परतायचं, हा त्यांचा दरसालचा फेरा. आमच्या वाडीपाशी आठदहा दिवस त्यांचा तळ पडे. त्यांच्यातली एक बाई मालकीणबाईंची जुनी मैत्रीण. तिला मी मावशी म्हणायची. रुंद हाडाची, हातात कोपरापर्यंत कडी, आणि जन्मात कुणालाही ‘तुम्ही’ न म्हणालेली. ती अंगणात आली, पाळण्यात वाकून बघितलं आणि तिचं सगळं तोंड हसलं.

“ही व्हय ती? आमच्या कोकरांची भैन?”

“कोकरांची बहीण कशी गं मावशी?” मी सहज विचारलं. हातात निवेदनाची पक्की प्रत होती, शाई वाळायची होती.

“आगं, मागल्या साली तू म्हायेराला गेलतीस न्हवं, तवा तुज्या दारातल्या त्या उपाशी वाफ्यात आमची कोकरं कोंडली व्हती. मेंढ्या चराया गेल्या की दिसभर कोकरं तितंच, वाघरीत.” वाघर म्हणजे त्यांचं सुतळीचं जाळं, मेंढरांभोवती कुंपणासारखं लावतात ते. “आठ दीस. लई मुतली, लई लेंड्या टाकल्या. ह्या बायनंच तर सांगिटलं.”

‘ही बाय’ म्हणजे मालकीणबाई. त्या सूप घेऊन नेमक्या तेव्हाच दारातून बाहेर येत होत्या. त्यांनी मावशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सूप हळूच जोत्यावर ठेवलं.

मी स्वभावाने तापट. आजही आहे. माझा असा तिळपापड झाला की हातातला कागद चुरगळला. मी काय काय बोलले! तीन वर्षांच्या कामावर पाणी ओतलंत, सायबांचं तोंड काळं केलंत, कुणी सांगितल्या होत्या तुम्हाला या नसत्या उचापती! मुलगी दचकून रडायला लागली. मालकीणबाईंनी तिला उचललं, थोपटलं, आणि ती गप्प झाल्यावरच बोलल्या.

“बाई, पोटुशीच्या दारात उपाशी भुई नसावी. मला माज्या आयनं सांगिटलेलं. पयल्या साली म्या गप बसले, म्हटलं शिकल्याली मानसं हायेत, त्येंचं त्येंना ठावं. वाफा उपाशी ऱ्हायला आन तुमची वटी रिकामी झाली. दुसऱ्या साली बी त्येच, वाफा बी कोरडा, वटी बी कोरडी. तिसऱ्या साली तुमी गाडीत बसलात तवा तुमचं त्वांड बगितलं न् मला कळलं. मंग म्या न्हाई ऐकलं कुनाचं. कारभाऱ्याला बी न्हाई सांगिटलं, त्ये न् गडी तवा दिसभर डोंगरात लाकडाला जायाचं. हिला सांगिटलं, कोकरं घाल. मागनं कुदळीनं खालवर करून सारकं केलं, सायबांना घान दिसू ने म्हनून.”

म्हणून माझा पाट फिरवला होता.

यांनी मालकांना विचारलं होतं, गड्याला विचारलं होतं. बायकांना विचारायचं कुणाच्या डोक्यात येणार? मी स्वतः वही ठेवत होते, रोज त्यांच्यात उठत बसत होते, आणि मलाही सुचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

“सायबांना नगा सांगू,” मालकीणबाई म्हणाल्या. “म्या मरस्तोवर बोलायची न्हाई. ही काय, परवा देसावर जाईल. तुमी आपलं लिवा.”

तो दिवस मी कसा काढला ते मला ठाऊक. चुरगळलेला कागद मांडीवर घेऊन सरळ केला. ‘जे मी स्वतः पाहिलं तेवढंच लिहीत आहे.’ अक्षर छान आलं होतं. आणि खरंच, मी रोपंच तर पाहिली होती, कोकरं कुठे पाहिली होती? असा वकिली विचार मी संध्याकाळपर्यंत केला. हे जेवताना प्रसन्न होते. म्हणाले, पुढच्या वर्षी अजून दोन गावांत उपाशी वाफे करायचे आहेत. मग मला राहवेना. सहाव्या प्रकरणातली ती ताकद कोकरांची होती आणि हा माणूस ती जन्मभर मातीत शोधत बसला असता.

सकाळी मी सांगितलं. सगळं सांगितलं, पाटाचं सुद्धा. हे ओट्यावर बसले होते. ऐकलं, उठले, चपला घालून पाण्याकडे निघून गेले. मी चूल पेटवली, विझली, पुन्हा पेटवली. मालकीणबाई गोठ्याच्या दाराआडून बघत होत्या. मला आयुष्यात इतकी भीती फार थोड्या वेळा वाटली आहे.

दीड तासाने हे परत आले. अंगणात मावशी बसली होती, मुलीला काळ्या लोकरीचा गोंडा बांधत होती. हे तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसले, खिशातून पेन्सिल काढली आणि म्हणाले, “कोकरं किती होती?”

“हां?”

“किती होती कोकरं? आठ दिवस म्हणजे पुरते आठ, की सात? त्या दिवसांत मेंढ्यांनी काय खाल्लं होतं? कोकरं नुसत्या दुधावर होती की चारा तोंडाला लावत होती?”

मावशीने बोटं मोडत सांगायला सुरुवात केली. अकरा होती. न्हाई, बारा, पन एक लंगडं, ते लेंड्या कमी टाकायचं. हे लिहीत होते. “लंगडं किती लहान होतं?” असं यांनी विचारलं तेव्हा मी स्वयंपाकघरात पळाले, तोंडात पदर कोंबला आणि हसता हसता रडले. मागून मालकीणबाई आल्या. “सायेब रागावलं न्हाईत व्हय?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. मी त्यांच्या गळ्यात पडले. काल बोलले त्याची माफी मागायची होती, पण त्यांनी ती मागू दिली नाही.

मग प्रश्न आला निवेदनाचा. हे म्हणाले, सहावं प्रकरण मागे घेतो, तू फक्त लिही की स्थानिक लोकांच्या गैरसमजामुळे चौथ्या वाफ्याला खत मिळालं.

“गैरसमज कसला?” मी म्हणाले. “त्यांना सगळं नीट समजलं होतं. समजलं नव्हतं ते आपल्याला.”

“पण खरं कारण कसं लिहिणार? ते… ते तुझं…”

तेच तर होतं. तीन अनोळखी परीक्षक, मिशांवरून हात फिरवत कागद वाचणारे, आणि त्यात एका बाईने लिहायचं की माझं एक मूल गेलं होतं, दुसरं पोटात होतं, म्हणून शेजारणीने माझ्या दारातल्या वाफ्याला जेवू घातलं. त्या काळी पोटुशी हा शब्द पुरुषांसमोर उच्चारत नसत. पण माझ्या पहिल्याच वाक्याने मला बांधून ठेवलं होतं. मी नवा कागद घेतला आणि जसं घडलं तसं लिहिलं. बारा कोकरं, एक लंगडं. पहिली पाच प्रकरणं मी पट्टी हातात धरून पाहिलेली आहेत, ती खरी आहेत. सहावं चुकलेलं आहे, आणि ते का चुकलं हे कळल्यावर दीड तासाने लेखकाने कोकरं मोजायला घेतली. एवढ्यासाठी मी या प्रबंधाचं नाव सुचवते. खाली सही केली. यांनी वाचलं आणि लखोटा बंद केला.

सोलापूरला जायच्या पेट्या आम्ही बांधायला घेतल्या. ट्रंकेच्या तळाशी वही ठेवताना मी जरा जास्तच वेळ लावला. मालकीणबाई रोज काहीतरी आणून त्या पेट्यांत भरायच्या, कधी आंबेमोहोराची पुरचुंडी, कधी फणसाची साटं, आणि रोज एकदा म्हणायच्या, “माज्यामुळं झालं.” मी रोज रागावायची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रोफेसरसाहेब स्वतः आले. हॅट भिजली होती. उंबऱ्यातच म्हणाले, “पेट्या सोडा.”

ते पाटावर बसले, चहा मागितला आणि मग हसू लागले. “परीक्षकांचं म्हणणं ऐका. पारितोषिक आहे पुढच्या कामासाठी. आलेले बाकीचे प्रबंध इतके पूर्ण, की पुढे करण्यासारखं त्यांत काही उरलंच नव्हतं. भलं मोठं भोक पडलेला प्रबंध एकच. तो चौथा वाफा दोन वर्षं पुन्हा करून दाखवायचा, त्याच जागी, त्याच मातीत, ही अट आहे.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि बाई, तुमचं निवेदन त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या परीक्षकांनी दोनदा वाचलं. घरी बायकोला दाखवायला म्हणून मागून नेलं.”

हे टुणकन उठून बाहेर गेले आणि पावसात उभे राहिले. यांना नाचता येत असतं तर नाचले असते. मी मुलीला उचलून दोन गिरक्या घेतल्या, तिला उचकी लागली. प्रोफेसरसाहेबांनी भिंतीकडे तोंड करून चहा प्यायला.

एकच अडचण राहिली होती, आणि ती सर्वांत मोठी होती. मालकीणबाई. येत्या हंगामाला तोच वाफा, तीच जागा, आणि आता दारात रांगणारं लेकरू. यांनी हात जोडून सांगितलं, यात या वेळी काहीही घालायचं नाही, चिमूटभर राखसुद्धा नाही, नाही तर आमचं सगळं जाईल. मालकीणबाई गंभीर झाल्या. “पोरीच्या दारात उपाशी?” एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. दोन दिवस आमच्या घराकडे फिरकल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या, त्या हातात ताटली घेऊन. ताटलीत ऊन भाताची लहानशी मूद, वर तुपाचा थेंब, बाजूला गुळाचा खडा. त्या सरळ उपाशी वाफ्यापाशी गेल्या. हे खोलीतून ओरडतच धावले, “अहो, नको! काही घालू नका!” मालकीणबाईंनी मान वळवूनही पाहिलं नाही. ताटली वाफ्यासमोर धरली, देवाला नैवेद्य दाखवतात तशी, डोळे मिटले, हाताने ताटलीभोवती पाणी फिरवल्यासारखं केलं. पाणी नव्हतंच, हात कोरडा होता. मग ताटली जशीच्या तशी उचलून परत आल्या.

“दावला,” त्या यांना म्हणाल्या. “घातला न्हाई. पानी बी नुसतं हवेत. लिवा तुमच्या वहीत.”

माझी मुलगी उंबऱ्याला धरून उभी राहू पाहत होती. भात दिसताच तिने आ केला. मालकीणबाई खाली बसल्या आणि एकेक शीत तिच्या तोंडात घालू लागल्या.

दोन वर्षं हे रोज चाललं. वाफा पिवळा राहिला, अगदी हवा तसा पिवळा. मी रोज पट्टी लावली आणि रोज तेच लिहिलं, चौथा वाफा, काही दिलं नाही. आणि वही मिटून वर पाहिलं की उंबऱ्यात माझी मुलगी त्या वाफ्याचा नैवेद्य खात बसलेली असे.